आधीचा आकडा कुठे आहे, डॉक्टरसाहेब?

डॉक्टरसाहेब,



तुमच्या कपाटात माझी एक फाइल आहे. पुरुष, वय ५८, मधुमेह १४ वर्षं, तक्रार : ताठरता येत नाही. त्या फाइलीत माझी साखर आहे, क्रिएटिनिन आहे, ईसीजी आहे, छातीचा फोटो आहे. माझी सही आहे, साक्षीदाराची सही आहे, पैसे भरल्याच्या तीन पावत्या आहेत. एक आकडा मात्र नाही. तो घ्यायला पाच-दहा रुपयांची फूटपट्टी आणि दोन मिनिटं लागली असती. तुम्ही तो घेतला नाहीत, म्हणून हे पत्र बंद पाकिटात न घालता चारचौघांत लिहितो आहे.

मी भूमी अभिलेख खात्यात एकतीस वर्षं मोजणी केली. साखळी आणि प्लेन टेबलावर शिकलो, ईटीएस मशीनवर निवृत्त झालो. या एकतीस वर्षांत मी बांधावरून सख्ख्या भावांना कोयते काढताना पाहिलंय. एक म्हणतो, यानं माझा बांध कोरला. दुसरा म्हणतो, आजोबांच्या वेळेपासून हद्द इथंच आहे. अशा वेळी आमच्या हातात एकच गोष्ट असते, जुनं टिपण. आधी कुणी तरी जागेवर जाऊन, खुणा धरून, माप कागदावर उतरवलेलं असतं. ते असलं की भांडण तासाभरात मिटतं. ते नसलं की तीन पिढ्या कोर्टात जातात.

माझ्या शरीराचं टिपण तुम्ही केलं नाहीत. आता माझी जागा कमी भरते, असं मला वाटतं. तसं काही नाही, असं तुम्ही म्हणता. निवाडा कशावर करायचा?

ताठरतेसाठी लिंगात इम्प्लान्ट बसवण्याचं ऑपरेशन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही राउंडला आलात. मागे तीन शिकाऊ डॉक्टर आणि एक सिस्टर. मी घशातल्या घशात विचारलं, "साहेब, लांबी किती आली?" तुम्ही फाइलीतून मान वर न करता म्हणालात, "अठरा अधिक दोन. वीस सेंटीमीटर बसलंय. एकदम फिट. काळजी करू नका." आणि पुढच्या खाटेकडे गेलात.

जन्मभर मोजणी केलेल्या माणसाच्या हातात तुम्ही एक आकडा ठेवलात आणि तो कशाचा आहे ते सांगितलं नाहीत. सहा आठवडे मी वीस सेंटीमीटर मनात घेऊन जगलो. सूज उतरली. अंडाच्या पिशवीतला पंप कसा दाबायचा ते तुमच्या सहायकानं शिकवलं. घरी आलो, दाराला कडी लावली, पंप दाबला, पट्टी लावली. साडेदहा.

उरलेले साडेनऊ सेंटीमीटर कुठे गेले, याचा हिशेब मी त्या रात्री पहाटेपर्यंत मांडत होतो. बिल एका वस्तूचं आणि आत बसवलं दुसरंच? की काही कापून टाकलं? की छोट्या मापाचं शिल्लक होतं, ते माझ्यावर खपवलं? निवृत्तीच्या पैशातून लाखांची रक्कम मोजून आलेला माणूस आणखी काय विचार करणार? शेजारी बायको झोपली होती. तिला उठवायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या महिन्यात मी पुन्हा तुमच्याकडे आलो आणि हे सगळं विचारलं. तुमचं उत्तर मला शब्दन्‌शब्द आठवतं. "हे सगळं मनाचे खेळ असतात. आणि या वयात लांबी कशाला मोजत बसलाय?" तुमच्या टेबलाशी उभा असलेला पोरगा हसला. तुम्ही त्याला गप्प केलं नाहीत.

या वयात म्हणजे कुठल्या वयात, डॉक्टर? ज्या वयात तुम्ही माझ्याकडून पैसे घेतलेत, त्याच वयात. इम्प्लान्ट बसवून घ्यायला माझं वय आड आलं नाही, प्रश्न विचारायला आलं. गुडघा बदललेल्या बाईनं "पाय आखूड वाटतो" म्हटलं, तर अस्थिरोगतज्ज्ञ तिला आडवं झोपवून टेपनं दोन्ही पाय मोजतो. तिच्या वयावर बोलत नाही. पायजमा शिवणारा शिंपीसुद्धा आधी माप वहीत लिहितो आणि मग कापडाला कात्री लावतो.

माझं उत्तर मला शेवटी दुसऱ्या शहरात मिळालं, तेही त्या रात्रीनंतर चार महिन्यांनी. त्या डॉक्टरांनी चिठ्ठीचा कागद उलटा केला आणि पेन्सिलीनं चित्र काढलं. लिंगाच्या आत स्पंजासारख्या पेशींच्या दोन नळ्या असतात. त्या बाहेर दिसतात तेवढ्याच नसतात. मागे शरीरात शिरून त्या ओटीपोटाखालच्या हाडाच्या दोन फांद्यांना जाऊन चिकटतात. झाडाचं खोड जमिनीवर दिसतं आणि मूळ खाली असतं, तसं. इम्प्लान्टचा सिलिंडर या पूर्ण नळीत बसवतात, मुळापासून पार पुढच्या टोकापर्यंत. त्यासाठी ऑपरेशनमध्ये नळीला छेद देऊन तिथं टाक्याची खूण धरतात आणि त्या खुणेपासून पुढे किती, मागे किती, असं दोन्हीकडे मोजतात. माझ्या ऑपरेशनच्या नोंदीत पुढे बारा आणि मागे आठ लिहिलं होतं. एकूण वीस. म्हणून अठराचा सिलिंडर आणि त्याच्या मागच्या टोकाला दोन सेंटीमीटरची टोपी.

मला ते एका क्षणात कळलं. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र लिहिलेलं असतं, त्यात पोटखराबाही धरलेला असतो. त्यावर पीक उभं राहत नाही, पण तो नोंदीत असतोच. तुम्ही मला एकूण क्षेत्र सांगितलंत आणि मी ते सगळं वहितीचं धरून चाललो.

मग त्यांनी मला खाटेवर झोपवलं आणि स्वतः पट्टी लावली. लिंगाच्या वरच्या बाजूनं, मुळाशी असलेली चरबी दाबत पट्टी हाडाला टेकेपर्यंत नेली आणि तिथून टोकापर्यंत वाचलं. बारा सेंटीमीटर. मी घरी मोजताना पट्टी नुसती कातडीवर टेकवली होती. माझ्या पोटाखालच्या चरबीनं दीड सेंटीमीटर लपवून ठेवलं होतं. मोजणी करणाऱ्या माणसानं सुरुवातीचा बिंदूच चुकीचा धरला, ही माझी चूक. पण मोजायची रीत सांगणारं कुणी नव्हतं. त्यांनी मला हेही सांगितलं की २०१५ साली १५,५२१ पुरुषांची मापं एकत्र करून सरासरी काढली गेली होती. ताठ अवस्थेतली सरासरी लांबी १३.१२ सेंटीमीटर आली. माझे बारा त्याच्या जवळपासच आहेत. ही दोन वाक्यं ऐकून मी चार महिन्यांनंतर पहिल्यांदा पोटभर जेवलो.

डॉक्टर, इथं मला सर्वांत जास्त टोचतं ते हे. आतल्या नळीचं माप तुम्ही अर्ध्या-एक सेंटीमीटरपर्यंत काटेकोर घेतलंत. घ्यावंच लागतं, कारण चुकलं की ते तुमच्यावर शेकतं. सिलिंडर आखूड पडला, तर टोकाला आधार मिळत नाही आणि लिंगाचं बोंड खाली लोंबतं. जास्त लांब कोंबला, तर तो आत वाकून नागमोडी होतो, दुखत राहतो, आणि पुढे टोकाची कातडी किंवा मूत्रमार्ग झिजवून बाहेर येऊ शकतो. म्हणून "एक साइज मोठं का नाही टाकलं?" या माझ्या प्रश्नाला दुसऱ्या डॉक्टरांनी स्वच्छ उत्तर दिलं : नळीत जेवढी जागा, तेवढंच बसतं, इम्प्लान्ट कडकपणा देतो, नवीन लांबी देत नाही. हे वाक्य तुम्हाला पाठ असणार. माझ्याशी ते बोलायचं राहिलं. आतलं माप यंत्रासाठी होतं, म्हणून घेतलं गेलं. बाहेरचं माप फक्त माझ्यासाठी होतं, म्हणून राहून गेलं.

आणि हे सगळं नवीन असतं तर मी समजून घेतलं असतं. फुगवता येणारा इम्प्लान्ट अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या डॉ. ब्रँटली स्कॉट यांनी १९७३ साली जगापुढे आणला. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. या पन्नास वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांची एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू आली आहे, ती लांबीची. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५६ रुग्णांचं लिंग शस्त्रक्रियेआधी आणि नंतर सहा महिन्यांपर्यंत ओढून मोजलं होतं. मापात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. तरीही ७२ टक्के पुरुष म्हणाले, पूर्वीपेक्षा कमी झालंय. २००९ साली दुसऱ्या एका लहान अभ्यासात वेगळी तुलना केली. आधी इंजेक्शन देऊन आणलेली ताठरता मोजली आणि मग इम्प्लान्टची. वर्षभरानंतर इम्प्लान्टची लांबी सरासरी पाऊण सेंटीमीटरनं कमी भरली.

म्हणजे माझ्या मनात जे चाललं होतं, ते निव्वळ खेळ नव्हते. काही अंशी ते खरं माप होतं आणि बराचसा भाग आठवणीचा होता. दोन्ही गोष्टी तुमच्या शास्त्रात छापलेल्या आहेत. दहातल्या सात माणसांना असं वाटतं, हे ज्या सर्जनला माहीत आहे, त्यानं ते आठव्या माणसाला आधी सांगायला नको?

आठवणीचा भाग समजावून सांगणं तर अगदी सोपं आहे. मी माझी तुलना कुणाशी करत होतो? तिशीतल्या स्वतःशी. त्यानंतर १४ वर्षांचा मधुमेह झाला, त्यातली शेवटची सहा वर्षं ताठरता जवळजवळ बंद. झोपेत निरोगी पुरुषाला जी ताठरता येते, तिच्यातून त्या स्पंजाला ताजं, प्राणवायूनं भरलेलं रक्त मिळतं. ते थांबलं की पेशी आकसतात, त्यांच्या जागी चिवट तंतू वाढतात, ताणली जाण्याची क्षमता कमी होते. ज्यांची प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ग्रंथी काढलेली असते, ज्यांना पेरोनीच्या आजारानं वाक आलेला असतो, त्यांच्याही बाबतीत लांबी आधीच गेलेली असते. माझा बांध कोरला गेला तो ऑपरेशनच्या टेबलावर नाही, त्याआधीच्या सहा वर्षांत, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. शस्त्रक्रियेच्या आधी तुम्ही ओढून मोजलं असतंत, तर तेव्हाच मला दिसलं असतं की शिल्लक एवढीच आहे. मग ऑपरेशननंतरचा आकडा मला लुटल्यासारखा वाटला नसता.

आणखी एक गोष्ट, जी मला घरी अंधारात कळली. बोंड पूर्वीसारखं फुगत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की सिलिंडर त्या दोन नळ्यांत असतो, बोंडाचा स्पंज वेगळा आहे, तिथं तो पोहोचतच नाही. त्यामुळे टोक मऊ राहतं आणि एकूणच लहान झाल्यासारखं दिसतं. हे आधी सांगितलेल्या माणसाला ते स्वाभाविक वाटतं. न सांगितलेल्या माणसाला ते बिघाड वाटतं. मी चार महिने तो बिघाड समजत होतो आणि भीतीनं पंपाला हातही लावत नव्हतो. खरं तर टाके भरल्यावर तो रोज फुगवून काही वेळ तसाच ठेवायचा असतो. भोवती बनणारं आवरण घट्ट आवळू नये, ताण मिळत राहावा, यासाठी. नेमके कामाचे महिने मी घाबरण्यात घालवले. आता रोज करतो. गेल्या वेळी त्याच पट्टीवर, त्याच रीतीनं, साडेबारा भरले.

माझ्या बायकोबद्दलही बोललं पाहिजे. आम्ही मोजणीला जाण्याआधी लगतच्या खातेदारांना नोटीस देतो, कारण हद्द दोघांची असते. तुम्ही माझ्या बायकोला तीनदा बाहेरच्या बाकड्यावर बसवलंत. एकदाही आत बोलावून विचारलं नाहीत की बाई, तुमची अपेक्षा काय, तुम्हाला काय माहीत आहे. शेवटी मीच तिला सगळं सांगितलं, त्या चित्राचा कागद समोर ठेवून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, मला त्या पट्टीशी काही देणंघेणं नाही. पण चार महिने तुम्ही माझ्याकडे पाठ करून झोपताय, मला वाटलं माझंच काही चुकलं." हे चार महिने तिचेही गेले. याची पावती कोण देणार?

तुम्ही गप्प राहता, तेव्हा बोलणारे दुसरे असतात, हे तुम्ही जाणताच. एसटी स्टँडच्या मुतारीपासून रेल्वेरुळालगतच्या भिंतींपर्यंत "लांबी, जाडी, ताकद" रंगवलेलं असतं. कामशक्ती वाढवून देण्याच्या अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे आणि भिंती तरीही रंगलेल्या आहेत. तुमच्याकडचं ते हसू ऐकून मी निघालो, त्या संध्याकाळी स्टँडवर अशाच एका जाहिरातीचा फोन नंबर मी खिशातल्या तिकिटाच्या मागे लिहून घेतला होता. मधुमेही माणूस, आत इम्प्लान्ट, आणि वरून कुणाच्या तरी तेलाचं मालीश. कातडी फाटून जंतू आत शिरले असते तर? मी फोन केला नाही. माझ्या जागी दुसरा कुणी करेल, आणि त्याला तिथं ढकलणारा हात भिंत रंगवणाऱ्याचा एकट्याचा नसेल.

आता तुमच्या बाजूचं जे खरं आहे, तेही लिहितो. तुमचा हात चांगला आहे. इम्प्लान्टमध्ये सर्वांत मोठी भीती जंतुसंसर्गाची; तो झाला की बहुतेक वेळा सगळं काढून टाकावं लागतं, आत व्रण होतात आणि पुन्हा बसवताना लांबी खरोखरच कमी होते. साखरेच्या माणसाला तो धोका जास्त. तुम्ही साखर आटोक्यात आल्याशिवाय मला टेबलावर घेतलं नाहीत आणि मला साधा तापही आला नाही. माप बरोबर निवडलंत, टोक लोंबत नाही, कुठे टोचत नाही, पंप चालतो. दुसऱ्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं. या शस्त्रक्रियेनंतर बहुसंख्य जोडपी समाधानी असतात, आणि आज आम्हीही त्यांत आहोत. म्हणूनच माझा राग जास्त आहे. इतकं अवघड काम नीट करणाऱ्या माणसानं सोपं काम टाळलं.

मी असंही म्हणेन की निवड करण्याआधीची चर्चासुद्धा अर्धीच झाली. फुगवायच्या इम्प्लान्टखेरीज वाकवता येणाऱ्या दांड्या असतात, त्यांतली एक आपल्याच मुंबईच्या डॉ. रूपिन शहा यांनी बनवलेली आहे आणि परदेशी यंत्राच्या तुलनेत तिची किंमत फारच कमी आहे, हे मला ऑपरेशननंतर कळलं. मी कदाचित तरीही हाच निवडला असता. पण निवड माझी झाली असती.

मला पैसे परत नकोत. ग्राहक आयोगातही जायचं नाही. वकिलानं विचारलं होतं, मी नको म्हटलं. तुमचं नाव मी कुठे घेतलेलं नाही आणि घेणार नाही. मला एवढंच हवंय की टेबलाच्या खणात एक पट्टी ठेवा. शस्त्रक्रियेआधी माणसाला झोपवून, त्याच्या डोळ्यांदेखत, हाडापासून टोकापर्यंत ओढून मोजा आणि तो आकडा तारखेसह फाइलीत लिहा. एक प्रत त्याच्या हातात द्या. त्याला सांगा की नंतर साधारण एवढंच मिळेल, कदाचित थोडं कमी, जास्त नाही. इम्प्लान्टच्या खोक्यावरचा आकडा म्हणजे बाहेरची लांबी नव्हे, हे चित्र काढून दाखवा. बायको बाहेर बसली असेल तर तिला आत बोलवा. आणि तीन महिन्यांनी तो माणूस पुन्हा येऊन लांबीचं विचारू लागला, तर त्या पोराला बाहेर पाठवा, दार लावा, आणि तीच पट्टी त्याच रीतीनं पुन्हा लावा.

माझ्या फाइलीत आधीच्या मापाची जागा कोरी राहिली आणि आता ती कायमची कोरीच राहणार. पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे जो येईल, त्याची कोरी ठेवू नका.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक